सर्जेरावकाकांच्या नावावरची साक्ष

सर्जेरावकाका घोड्यांना अहोजाहो करत आणि माणसांना अरेतुरे. सिंगापुरातल्या बुकित तिमाहच्या तबेल्यात माझ्या मुलीला, सईला, घेऊन मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा ते एका तांबूस घोडीला सांगत होते, "बाईसाहेब, पाय उचला. रुसायचं ते मागनं रुसा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू कुठला रं? बूट बघून बँकेतला वाटतोस." मी पुण्याचा म्हणालो. "म्हंजे घोड्याला भिणार," म्हणाले, आणि लगाम सईच्या हातात दिला.

मूळचे फलटणकडचे. तरुणपणी पुण्याजवळच्या एका स्टड फार्मवर होते, मग वर्क पासवर सिंगापूरला आले आणि इथल्या मोतद्दारांचे मुख्य झाले. घटस्फोटानंतर सई शनिवार-रविवार माझ्या जुरोंग ईस्टच्या फ्लॅटवर येई. तिथे आम्ही दोघं आपापल्या फोनमध्ये. ती बोलायची ती तबेल्यात, तेही काकांशी. काका विचारत, "जमंल का पोरी?" ती इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणे, "कॅन लाह, काका!" मी कुंपणापाशी उभा राहून ऐकत असे. आठवड्यातलं माझं घर म्हणजे तेवढंच.

ती तांबूस घोडी मी सईसाठी घेतली. घोडी स्पर्धांच्या वयातून उतरली, तेव्हा सईला तिचं शिंगरू हवं झालं. पण या घोड्यांच्या जातीची युरोपात एक संस्था आहे. तिच्या मुख्य वहीत आईचं नाव लागल्याशिवाय शिंगराला पुरते कागद मिळत नाहीत. संस्थेचे परीक्षक येतात, चार पिढ्या तपासतात, मान, पाय, चाल, दुडकी, सगळ्याला दहापैकी गुण देतात. मी तो वंशवृक्ष वाचून दाखवला तेव्हा काका हसले. "आरं लेका, आमच्यात पोरगी बघाय गेलं तर आज्याच्या पुढं कुणी विचारत न्हाई. ह्ये तर पार खापरपणज्यापोत्तर गेलं!"

त्या कागदांत घोडी शिंगरू असतानाचं एक रेखाचित्र होतं. अंगावरचे पांढरे पट्टे, केसांचे भोवरे, सगळं त्यात खुणांनी मांडलेलं. भोवरे म्हणजे काकांचा प्रांत. चित्र बघून त्यांनी घोडीच्या गळ्याखाली बोट फिरवलं आणि थांबले.

"हितं भोवरा दिसतोय, पर त्यो भोवरा न्हाई. भोवरा जन्माचा असतो. हितं कुणीतरी कापलंय, केस उलटं आल्यात."

मला ते ठाऊक होतं. घोडीच्या श्वासात घरघर होती, म्हणून गळ्याची शस्त्रक्रिया झाली होती. विकणाऱ्यानं काही लपवलं नव्हतं. हा दोष पिल्लांत उतरू शकतो, म्हणून अशी घोडी मुख्य वहीत घेत नाहीत.

"मग तसं लिही की," काका म्हणाले. मी हो म्हणालो. संस्थेच्या अर्जातल्या 'शस्त्रक्रिया झालेली नाही' या ओळीखाली माझी सही आदल्या दिवशीच झाली होती.

परीक्षक बाई आल्या. काकांनी घोडी चालवली, पळवली. सगळं छान झालं. मग बाई चित्र घेऊन गळ्याशी वाकल्या. "हा भोवरा चित्रात नाही. जन्मापासूनचा आहे का, त्यांना विचारा." काकांचं इंग्रजी कामापुरतं, म्हणून दुभाषा मी. मी मराठीत विचारलं.

"भोवरा न्हाई, वण हाय. श्वासाचं आपरेशन झालंय. सांग त्यांना."

पलीकडच्या कुंपणाशी सई हेल्मेट पोटाशी धरून उभी होती. ऐकू जाणार नाही इतकी लांब. मी बाईंना सांगितलं, "ते म्हणतात, जन्मापासूनचा आहे. आमच्याकडे गळ्याखालचा भोवरा फार लकी मानतात. चित्र काढणाऱ्याच्या नजरेतून सुटला असेल." बाई हसल्या. त्यांनी शेरा लिहिला: मुख्य मोतद्दाराच्या सांगण्यानुसार जन्मखूण.

संध्याकाळी काका घोडीला अंघोळ घालत होते. "साहेब, तुमचं काम झालं न्हवं?" आजवर मला त्यांनी कधी साहेब म्हटलं नव्हतं. "लकी म्हंजे काय त्ये कळतं मला. पोरीचं तोंड बघितलं म्हणून गप बसलो. पर खोटं बोलायचं तर सोताच्या तोंडानं बोलायचं हुतं. माझं तोंड कशाला वापरलंसा?"

शिंगरू झालं. मादी. तीन वर्षांची होऊन स्वार वाहू लागली, तशी तिच्या श्वासात आईचीच घरघर आली. तबेल्यात चौकशी लागली, जुना शेरा निघाला. तबेल्याच्या समितीत मीही होतो. काकांना बोलावलं. ते एवढंच म्हणाले, "मी तसं बोललो न्हाई." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "मला जे समजलं ते मी सांगितलं. त्यांची बोली जरा वेगळी आहे."

असं म्हणालो मी. पुण्यात वाढलेला माणूस, कितीतरी वर्षं दर शनिवारी ती बोली ऐकणारा. काकांनी मान वर केली नाही. त्यांचा करार पुढे वाढवला नाही. ते भारतात परतले त्या दिवशी मी चांगी विमानतळावर गेलो नाही. ऑफिसात बसलो होतो आणि काम काही नव्हतं.

सई आता कॅनडात शिकते. घोड्यावर बसत नाही. का, ते मी विचारलेलं नाही. या वर्षी काका वारल्याचं एका मोतद्दाराकडून कळलं, तेव्हा मी संस्थेला सगळं लिहून कळवलं. त्यांनी घोडीचं नाव मुख्य वहीतून काढलं. दोन ओळींचं उत्तर होतं, सभ्य.

मग फलटणला काकांच्या मुलाला फोन लावला. मी सांगत गेलो, तो नुसता "हां, हां" करत राहिला. माझं संपल्यावर म्हणाला,

"साहेब, बाबा सिंगापूरहून आल्यावर लोकं घोडी घिऊन दारात यायची. म्हणायची, काका, बघून सांगा कशी हाय. बाबा म्हणायचे, दुसऱ्या कुणाला तरी दावा. आमाला वाटलं, नजर गेली. मी साताऱ्याला डोळ्याच्या डॉक्टरकडं घिऊन गेलो त्यांना."

"मग?"

"डॉक्टर म्हणले, डोळं चांगलं हायेत."