शमीमभाभींच्या नावानं विकलेला ओढा

अन्याय झाला तो शमीमभाभींवर. दसऱ्यानंतरच्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता, इंदापुरातल्या एका प्लॉटिंगच्या ऑफिसात. त्यानंतर नवव्या दिवशी त्या वारल्या. फोन आला तेव्हा मी बारामतीत ‘प्लॉट घेताना फसू नका’ अशी आमच्या ग्राहक संघटनेची पत्रकं वाटत होतो...

आमच्या घराला भिंत लागून त्यांचं घर. भाभी ब्लाऊज शिवायच्या, आणि शिवायला येणाऱ्या बायकांना खोली, घर बघून द्यायच्या. वालचंदनगरच्या कारखान्याचं क्वार्टर सोडणारी निवृत्त माणसं तर थेट त्यांच्याच दारात. मीच म्हणालो, “भाभी, आता असं तोंडी चालत नाही. वीस तासांचं प्रशिक्षण, मग कॉम्प्युटरवर परीक्षा, मग एजंट म्हणून नोंदणी.” त्या हसल्या. “धाव्वीला गणितात दोनदा आपटलेली बाई हाय मी. पुन्हा बेंचवर बसवतोस व्हय रं?” बसवलंच. महिनाभर मशीनवर वही उघडी. चटई क्षेत्र मला नीट सांगता येईना, तर त्यांनीच संपवलं: “शिलाईत गेलेलं कापड अंगाला लागत न्हाय. भिंतीत गेलेली जागा तशीच. गिऱ्हाइकाला आतलं माप सांगायचं.” पहिल्या फटक्यात पास झाल्या.

मग इंदापुरातल्या त्या प्लॉटिंगच्या ऑफिसचा मालक त्यांच्या घरी आला. “मामी, परीक्षा दिली म्हंजी धंदा येत न्हाय. सहा महिने आमच्याकडं शिका. प्रमाणपत्र तेवढं आमच्या भिंतीवर लावायचं, नियमच हाय.” असा नियम नाही. हे त्यांना मी सांगायला हवं होतं. मी सभा घेत फिरत होतो.

दसरा झाला आणि वालचंदनगरचे एक निवृत्त फिटर, तात्या, दारात उभे. “भाभी, तुमचं नाव वाचून प्लॉट घेतला. ओढ्यात हाय की वो! गुडघाभर पाणी हाय तितं.” भाभींनी ती जमीन पाहिलीही नव्हती. कागदावर एजंट म्हणून नाव मात्र त्यांचंच. त्या सोमवारी प्रमाणपत्र परत मागायला गेल्या, मी सोबत होतो. मालक खुर्चीतून उठला नाही. “मामी, काचेत किती शोभतंय. ऱ्हाऊ द्या की. तक्रार करायचीय? करा. नाव तुमचं, नंबर तुमचा. आत कोण जाईल?” बाहेर येऊन भाभी एवढंच म्हणाल्या, “तात्यांना मी काय तोंड दावू?” त्यानंतर त्यांनी मशीनला हात लावला नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. असेल.

गेल्या आठवड्यात भाभींच्या सुनेनं त्यांचा मोबाईल माझ्यापुढं ठेवला. सहा आकड्यांचे ओटीपीचे संदेश, ओळीनं. दर वेळी ऑफिसातून विचारणा व्हायची आणि भाभी कात्री खाली ठेवून आकडा सांगायच्या. त्यांना वाटायचं, हेच शिकणं; त्या आकड्यावर तिकडं त्यांच्या नावानं ऑनलाइन सही होत होती. मी एकेक वाचत शेवटच्या संदेशापर्यंत आलो. तो दफनानंतरचा होता... आणि माझ्या हातातच फोन वाजला. उचलला, तर त्या मालकाचा आवाज. “सूनबाई, मामींच्या फोनवर आकडा आला असंल. तेवढा सांगा.”

सुनेनं फोन हिसकावून बंद केला. महामार्गावर त्या प्लॉटिंगच्या जाहिरातीचा फ्लेक्स अजून तसाच आहे, खाली भाभींचं नाव आणि नोंदणी क्रमांक.

तुम्ही या भागात प्लॉट बघत असाल, तर विसाराची आगाऊ रक्कम देण्याआधी कागदावरच्या एजंटला समोर बोलवा. तुमच्याबरोबर त्या जमिनीवर चालायला लावा. आणि कुणी शमीम हे नाव दाखवलं, तर तिथंच बसून राहा, मोठ्यानं विचारा: ही बाई वारली, मग सही कोण करतंय? उत्तर मिळेपर्यंत उठू नका.