चाळिसावा प्रश्न

"मॅडम, शंभरातली नव्व्याण्णव मुलं गुणी निघाली, आणि तुमचाच चेहरा का पडलाय?" खासगी मेडिकल कॉलेजच्या डीनसरांनी विचारलं.

चेहरा त्यामुळेच पडला होता. मी मानसशास्त्रज्ञ आहे, नाशकात पंचवीस वर्षं प्रॅक्टिस करतेय. इतकी चांगली माणसं एका हॉलमध्ये मी आजवर पाहिलेली नाहीत.

सरकारी, आयुर्वेदिक आणि खासगी अशा तीन कॉलेजांतल्या पहिल्या वर्षाच्या मुलांच्या स्वभावात काय फरक असतो, ते मला तपासायचं होतं. साठ प्रश्न, 'हो' किंवा 'नाही'वर टिक. त्यात काही प्रश्न सापळ्याचे. 'मी कधीच खोटं बोलत नाही' याला कुणी 'हो' म्हटलं, की आम्ही कान टवकारतो. याला लाय स्केल म्हणतात.

सरकारीतल्यांनी विचारलं, "याला इंटर्नल मार्क आहेत का?" नाहीत म्हटल्यावर दहा मिनिटांत फॉर्म उरकले. आयुर्वेदवाल्यांचं नुसती टिक करून भागेना. 'राग लवकर येतो का?' यापुढे एकीने समासात लिहिलं, 'पित्त वाढलं की येतो.' खासगीतले फॉर्म मात्र इस्त्री केल्यासारखे. खाडाखोड नाही. सगळे शांत, आनंदी, सत्यवचनी. आणि सगळ्यांनी चाळिसावा प्रश्न रिकामा सोडलेला.

एकच फॉर्म वेगळा होता. झोप लागत नाही, छाती धडधडते, खोटं बोलते, आणि चाळिसाव्यालाही 'हो'. "एक मुलगी वेगळी दिसतेय," मी डीनसरांपाशी बोलून गेले. ही माझी घोडचूक.

"रोल नंबर द्या. वडिलांना बोलावून घेतो. असली केस होस्टेलवर नको."

"दोन दिवस थांबा," मी म्हटलं.

फॉर्मचा गठ्ठा चाचणीच्या आदल्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसातल्या कपाटात ठेवला होता. माझा संशय तिथेच गेला. क्लार्कने हात वर केले. मग त्या मुलीलाच भेटले. हिना, विंचूरच्या कांदा व्यापाऱ्याची मुलगी, वर्गात पहिली.

"उत्तरं आधीच फुटली होती ना?"

"हो मॅम. कुणीतरी ऑफिसात फोटो काढला. ग्रुपवर आन्सर की आली."

"कुणी बनवली?"

"मीच."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"सगळे उत्तरं माझ्याकडेच मागतात. म्हणाले, यात फेल झालो तर घरी फोन जाईल. बरोबर उत्तर कोणतं ते मला कळतं, 'नीट'च्या क्लासपासूनची सवय आहे."

"मग आन्सर कीमध्ये चाळिसावा का सोडलास?"

प्रश्न होता, 'चारचौघांत असूनही एकटं वाटतं का?'

"त्याचं बरोबर उत्तर नाय कळलं मला," ती म्हणाली. "हॉलमध्ये तिथवर आले आणि रडूच आलं. नवा फॉर्म मागून घेतला, सगळं खरं लिहिलं. मॅम, अब्बूंना बोलावलं ना, तर ते मला घरी नेतील. परत नाय पाठवणार."

मला स्वतःचीच लाज वाटली. तिचा फॉर्म मी तिच्यासमोर फाडला.

डीनसरांना सांगितलं, "पेपर फुटलाय. सगळे फॉर्म रद्द."

"पण तो एक तर खरा आहे ना?"

"रद्द म्हणजे सगळे."

फेरपरीक्षेला फॉर्म मी माझ्या पिशवीतून नेले आणि रोल नंबरचा रकानाच काढून टाकला. या वेळी भरपूर खाडाखोड होती. चाळिसाव्याला इतक्या जणांनी 'हो' केलं होतं की मी दोनदा मोजलं. बाकी कशातही असो, त्या प्रश्नात तिन्ही कॉलेजांत फरक उरला नव्हता.

डीनसर मात्र तिथेच अडकलेले. "ते ठीक आहे, पण ती मुलगी कोणती?"

मी गठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला. "यातली कोणती, ते तुम्हीच सांगा."

त्यांनी पाच-सहा फॉर्म उलटून पाहिले. मग गठ्ठा परत बांधला.

हिना आता दर शनिवारी माझ्याकडे येते. आणि सगळेच सुखी असल्याचा निकाल हातात आला, की ऑफिसच्या कपाटाची किल्ली कुणाकडे होती, हे मी आधी विचारते.