मास्तरांचं खुराडं

आमच्या गल्लीतल्या एका बाईंना सगळे मास्तर म्हणतात. शाळेतल्या नव्हेत, कपड्यांच्या कारखान्यातल्या कटिंग मास्तर. कापडाचे साठ थर एकावर एक रचायचे आणि खडूच्या रेघेवरून यंत्राचं पातं फिरवायचं. पातं चुकलं की साठ सदरे एकदम वाया. त्यांच्या हातून कधी गेले नाहीत, असं त्याच सांगतात, आणि खोटं बोलायची त्यांना सवय नाही.

निवृत्त झाल्या त्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावलं. मी शेजारचा सुतार. मागच्या अंगणात खाकी कागद पसरलेले, प्रत्येकावर वीट. हा वांग्यांचा वाफा, हा पालकाचा, ही पायवाट, हे सहा कोंबड्यांचं खुराडं. दुसऱ्या कोणी बागेचा नकाशा वहीत काढला असता. मास्तरांनी अख्ख्या मापाचा कापून जमिनीवरच मांडला होता. वाऱ्यानं पालक उडाला की त्याला धरून आणायच्या आणि पुन्हा विटेखाली दाबायच्या.

"मुलाला विचारलंत का?" मी म्हणालो. त्याला तिथे फरशी घालून गाडी लावायची होती, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"हे घर घेताना मी कोणाला विचारलं होतं?" असं म्हणून त्यांनी खुराड्याच्या फळ्यांसाठी वेगळे कापलेले कागद माझ्या हातात दिले.

मी पडलो शहाणा. कागदाबरहुकूम कापलं, ठोकलं. एका कडेला तुटक रेघ होती. तिथे खिळे मारायचे असणार, असं मीच ठरवलं आणि ओळीनं मारले. छप्पर एकाच बाजूला उतरत होतं. म्हटलं बरंच झालं, पाणी वाहून जाईल.

खुराडं अंगणात आणून ठेवलं तेव्हा मास्तर बघतच राहिल्या. त्यात तीन कोंबड्या कशाबशा मावल्या असत्या. कापड घडी घालून कापतात, म्हणून शिवणकामाचा कागद अर्ध्याच अंगाचा असतो आणि तुटक रेघ म्हणजे घडीची जागा. हे मला कोण सांगणार? आणि फळीची घडी होत नाही, हे तीस वर्षं कापड कापलेल्या बाईच्या ध्यानात आलं नव्हतं. चूक दोघांनी वाटून घ्यावी अशीच होती.

मुलगा पोट धरून हसला. तो वाईट नाही, पण आईनं आता स्वस्थ बसावं असं त्याला फार वाटतं. म्हणाला, "आई, फिटली ना हौस? सोमवारी फरशीवाला येतोय. कोपऱ्यात दोन कुंड्या ठेव, पुरे."

मला त्या कुंड्यांचा भयंकर राग आला. पण चूक माझीही होती, बोलणार कोणत्या तोंडानं?

"तोडून नवं करून देतो," मी म्हणालो.

"तोडायचं कशाला?" मास्तरांनी तोच कागद उलटा केला. "आता असा धरून दुसरं अर्धं कर. पण याला जोडू नकोस. ते फाटकापाशी बसव."

गाडी आत येणार होती ती नेमकी तिथूनच.

सोमवारी फरशीवाला हातगाडीवर सिमेंट घेऊन आला, तेव्हा मी फाटकात बसून फळ्या ठोकत होतो. खुराड्याचे पाय हातभर जमिनीत गाडून झाले होते. मास्तर कुदळीनं वाफा खणत होत्या. मुलाचं तोंड पाहण्यासारखं झालं.

"आई, मी गाडी कुठे लावू?"

"रस्त्यावर. तीस वर्षं त्याच रस्त्यानं मी चालत कामाला गेले. तुझ्या गाडीला तिथे नुसतं उभं राहायला काय झालं?"

"या वयात झेपणार आहे का तुला हे सगळं?"

"नाही झेपलं तर माझं मी बघेन. आजवर दुसऱ्यांच्या मापानं कापलं. हे माझ्या मापाचं आहे." आणि कुदळ पुन्हा जमिनीत घातली.

फरशीवाला हातगाडी वळवू लागला. मुलगा माझ्याकडे आला.

"काका, तुम्ही तरी समजवा हिला."

माझ्या तोंडात खिळे होते. नसते, तरी मी काही बोललो नसतो.