गावातला एक हाकणारा

आमचा तानबादादा शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकायचा. आष्टीपासून आर्वीपर्यंत त्याच्या तोडीचा हाकणारा नव्हता. भाऊ म्हणून नाही सांगत, कोणालाही विचारा. बाप गेल्यावर त्यानंच मला शिकवलं आणि स्वतः अंगठाबहाद्दर राहिला. मी तळेगावच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर झालो, तरी वहिनी आम्हां दोघांना एकाच ताटात वाढायची.

अठ्ठ्याहत्तर साली दहावीला 'विन हँड्स डाऊन' शिकवत होतो. अर्थ सोपा: समोरच्याला कुठल्या कुठे मागं टाकून सहज जिंकणं. उगम विलायतेतल्या घोड्यांच्या शर्यतीत. स्वार इतका पुढं असतो की लगाम धरून ठेवायची गरजच उरत नाही. तो हात खाली सोडतो. पोरं नुसती ठोंब्यासारखी बघत बसली. अशी चीड आली मला! दुसऱ्या दिवशी दादालाच वर्गात उभं केलं.

त्यानं धोतर खोचलं, बाकाला कासरा बांधला. "जोडी लय पुढं निंगाली न, का हात असे सोडाचे. बैलाले बरोबर समजते." पोरांनी टाळ्या पिटल्या. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात तपासणीला आलेले साहेब दारात. "हे कोण?"

दादाचे पाय अनवाणी, अंगाला गोठ्याचा वास. मी म्हणालो, "गावातला एक हाकणारा आहे, साहेब."

दादानं कासरा गुंडाळला अन् निघून गेला.

त्या संध्याकाळी वहिनीनं ताट माझ्यापुरतंच वाढलं. दादा उंबऱ्याशी बसलेला. "जेवा गुरुजी. मी मंग जेवतो."

मी पाय धरले, रडलो, भांडलोसुद्धा. "दादा, काऊन असं करून राह्यला? शिव्या दे मले, पण वासू म्हण!" तो रागावला असता तर बरं होतं. राग नव्हताच. मी बोललो ते त्या देवमाणसाला खरं वाटलं होतं.

सहा वर्षं मी एवढंच मागत राहिलो. धाकट्याचा केवढा मान ठेवतो, म्हणून गाव त्याचं कौतुक करी. माझं काळीज तुटायचं.

चौऱ्याऐंशीत त्याला वर्ध्याला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी आशा सोडली होती. मी संत्रं सोलून एक फोड त्याच्या ओठाशी नेली. "खा न दादा."

त्यानं कष्टानं माझा हात मागं सारला. "पह्यले तुम्ही, गुरुजी."

मी ती फोड खाल्ली. दुसरी सोलेपर्यंत दादा गेला.