रस्ता होऊ नये म्हणून

डोंबिवलीत माझी पोळी-भाजीची तीन दुकानं. चौथं ठाण्याला, कोलशेतला काढायचं आणि ते दुसऱ्या कुणाला चालवायला द्यायचं, नाव नि मसाले फक्त आपले, ही कल्पना माझ्या मुलीची. धास्ती मात्र सगळी माझी.

जागा बघायची माझी एक पद्धत आहे. गाळ्यासमोर प्लास्टिकची खुर्ची टाकून तीन संध्याकाळी बसायचं. कमरेला दोन बटवे, एकात राजमा. रिकाम्या हाताने, दमून पायी चाललेली बाई दिसली की एक दाणा या बटव्यातून त्या बटव्यात. हातात भाजीची पिशवी असली तर ती मोजायची नाही. ती घरी जाऊन स्वयंपाक करणार. कोलशेतला तिन्ही दिवस बटवा आठच्या आत रिकामा! मी अशी काही हुरळले की विचारू नका. एवढ्या बायका इथून पायी का चालल्यात, हे एकीलाही विचारायचं सुचलं नाही मला.

मग माणूस शोधणं. एक जण आला, त्याचा पहिला प्रश्न, दुकानात रोज यावं लागेल का? म्हटलं, नाही रे बाबा, तू घरीच बस. प्रत्येकाला मी माझ्या ओट्यावर पोळ्या करायला लावत होते. पोळी शिकवता येते. मी बघायचे ते नंतर ओटा पुसतात की नाही. एका शाळेच्या ऑफिसात अठरा वर्षं काढलेली एक बाई आली. तिने ओटा पुसला, फडकं धुऊन वाळत टाकलं आणि खाली वाकून सिलेंडरही बंद केला. मी तिथेच हो म्हटलं. नवरा आजारी, दोन मुलं शिकणारी, घर तिच्या एकटीच्या जिवावर. "ताई, जागा तुम्ही बघितलीय ना? मग मला बघायची गरज नाही," म्हणाली.

करार गाळ्यातच करायचा होता. मी लवकर गेलेले. गाळ्याचे मालक तिथलेच जुने, पूर्वी शेती असलेले आजोबा. चहा घेताना सहज बोलून गेले, "बाय, ही गर्दी खनलेल्या रस्त्याची हाय. रस्ता झाला का कंपनीच्या बशी पार सोसायटीच्या दारान जातील."

म्हणजे बस अलीकडे सोडतात म्हणून सगळ्या चालतायत! तेवढ्यात ती आली, हातात पेढ्यांचा पुडा. "ताई, कालच राजीनामा दिला!"

आता काय सांगणार, कप्पाळ? नोकरी तर गेली, आता सांगून तिचा जीव कशाला जाळा, असं स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर मला तोंड दाखवायची लाज वाटली. मी पेढा खाल्ला आणि सही केली.

दुकान धो धो चालायला लागलं. आणि माझी झोप उडाली. रस्ता होऊ नये म्हणून देवाला साकडं घालणारी अख्ख्या ठाण्यात मी एकटीच असेन. पेपरात रस्त्याच्या कामाची बातमी दिसली की मी पान उलटून टाकायचे. काम लांबलं की लोक शिव्या घालायचे आणि मी देवापुढे साखर ठेवायचे. असे पाच महिने.

परवा तिचा फोन, आवाजात नुसता आनंद. "ताई, डांबर पडतंय! आता गिऱ्हाईक दुप्पट होईल बघा. माझ्या जावेलाही दुकान घ्यायचंय, दिवा स्टेशनजवळ. ती नोकरी सोडायला तयार आहे. जागा तुम्हीच बघा हां."

त्याच पावली कोलशेत गाठलं. गल्ल्याशेजारी बुद्धाची छोटी मूर्ती, तव्यावर पोळी फुगलेली. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बस, रस्ता, आजोबा, सगळं.

तिचं लाटणं थांबलं. "कधी कळलं तुम्हाला?"

"करार केला त्या दिवशी. पण अगं, तू राजीनामा देऊन बसली होतीस, मी म्हटलं आता..."

"राजीनामा महिनाभर मंजूर झाला नव्हता, ताई." आवाज अजिबात चढला नाही तिचा. "मुख्याध्यापिका रोज फोन करायच्या, मागे घे म्हणून. मीच नाही म्हणत होते. म्हणायचे, ताईंनी जागा बघितलीय."

बाहेर रोलर चालू होता. काउंटरवर एक बाई आली, दहा पोळ्या मागितल्या. हिने लाटणं ठेवून पोळ्या मोजून कागदात बांधल्या, सुट्टे दिले, ओटा पुसला आणि फोन उचलून जावेचा नंबर लावला.