होडीच्या रीतीनं ट्रक

आमचा ट्रक माझ्या पाटल्यांचा होता. हे मी आजवर कुणाला मोठ्यानं सांगितलेलं नाही. वहीत लिहिते, कारण वही मधेच बोलत नाही आणि हसतही नाही.

आमच्या कोळीवाड्यात बाईचा आवाज पार खाडीपलीकडे जातो. मी मात्र लहानपणापासून लाजरी. चौथीपर्यंत शाळा झाली, तिथेही मास्तरांनी विचारलं की उत्तर पाटीवर लिहून दाखवायची. लग्न होऊन आले तेव्हा सासू शेजारणींना म्हणाली, "हिच्या टोपलीतला बोंबील बोंब मारंल, पन ही न्हाय मारायची." सगळ्या हसल्या. मीही हसले, पदरात.

नवरा रेवसच्या लाँचवर इंजिन सांभाळायचा. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. लढाईतले जुने लष्करी ट्रक तेव्हा लिलावात निघत. त्यानं पनवेलच्या बाजूला एक पाहिला आणि घरी येऊन जेवतानासुद्धा त्याचंच बोलत बसला. सुकी मासळी घाटावर न्यायची आणि येताना कांदा आणायचा, असा त्याचा बेत. मी जेवण वाढता वाढता पाटल्या काढल्या आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवल्या. माहेरून आलेलं गळ्यातलंही दिलं. तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते, हे खोटं नाही. मोठ्या दिरांनी नंतर आपल्या पैशांनी दोन टायर घातले.

पहिले सहा-सात महिने कागदाचा प्रश्न कुणालाच पडला नाही. नवरा चालवायचा, मी पुढे त्याच्या बाजूला बसायची. मागे सुकट, जवळा, बोंबलाच्या गोणी. पेण, खोपोली, मग घाट चढून वर. बाजारात मी भाव एकदाच सांगायची. घासाघीस करायला तोंड लागतं, ते मला नव्हतं. गिऱ्हाईक थोडा वेळ उभं राहायचं, मी गप्प, मग तेच पैसे काढायचं. घाटावरचे दुकानदार म्हणायचे, "या बाईचा एकच शब्द असतो." माल उतरला की मी फळी धुऊन काढायची आणि वर पेंढा अंथरायची, म्हणजे कांद्याला वास लागत नसे. गुळाचं भाडं मात्र मासळीच्या वासाच्या धाकानं आम्हाला कधी मिळालं नाही.

मग परमिटाचा प्रश्न आला. परमिट कुणाच्या नावानं काढायचं, धंदा कुणाचा, हे लिहून द्या, असं कचेरीत सांगितलं. म्हणून आम्ही अलिबागला वकिलाकडे गेलो. नवरा, मोठे दीर आणि मी. मला नेलं कारण दागिने माझे होते, तेवढी लाज त्या दोघांना होती.

वकील म्हातारे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बोटांवर मोजत नवऱ्याला सांगितलं, "हे बघा, एकट्याच्या नावावर घेतलात तर धंदा एकट्याचा, कर्जही एकट्याचं. घरातल्या सगळ्यांचा म्हणून एकत्र ठेवलात तर उद्या चुलीपर्यंत भांडण जाईल. तिसरं, भागीदारी लिहा. पैसा बाईंचा, गाडी तुम्ही चालवता, विकतात बाई. नवरा-बायकोची भागीदारी लिहा. दोघांची नावं, दोघांच्या सह्या. मग उद्या कुणी काही म्हणालं तरी बाईंना उठवता येणार नाही."

मला आतून एकदम गरम वाटलं. मी खाली बघत होते, पण कान तिकडेच होते.

दीर म्हणाले, "वकीलसायेब, होडीवर बाईचा पाय पडत न्हाय. जिथं पाय न्हाय, तिथं वाटा कसा धरायचा?"

आमच्यात मासळी किनाऱ्याला आली की वाटे पडतात. होडीचा एक, जाळ्यांचा एक, होडीचा म्होरक्या तो तांडेल, त्याचा, प्रत्येक खलाशाचा. ती मासळी डोक्यावर घेऊन बाजारात विकते ती बाई, पण तिचा वाटा कुणी मोजत नाही. नवऱ्याचा वाटा तोच तिचा. माझ्या सासूच्या सासूपासून हे असंच.

"अहो, पण ही होडी नाही, ट्रक आहे," वकील म्हणाले.

"आमाला येकच. ती पान्यावरची, ही रस्त्यावरची," दीर म्हणाले. "होडीला तांडेल येकच आसतो. म्या मोठा. परमिट माज्या नावानं, भागीदारी दोगा भावांची. डायवरचा वाटा धाकट्याला येगळा."

नवरा हसला. खुर्चीत हललासुद्धा नाही.

वकिलांनी चष्मा काढला आणि ते माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही सांगा. दागिने तुमचे. तुमचं नाव घालू का?"

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. होडीवर माझा पाय पडत नाही, पण ट्रकात मी रोज बसते. एवढंच. आमच्या दिराची सगळी रीत या एका वाक्यानं मोडली असती, कारण ती पाण्याची रीत होती आणि मी रस्त्यावर होते. पण मोठ्या दिरासमोर बोलायचं, परक्या पुरुषासमोर बोलायचं, त्यातून स्वतःसाठी मागायचं. मी टेबलावरच्या शाईच्या दौतीकडे बघत राहिले. तिच्या कडेला शाई वाळून खपली धरली होती. मी नवऱ्याकडेही एकदा बघितलं. तो पंख्याकडे बघत होता.

"गप म्हंजे कबूल," दीर म्हणाले.

"कशाला कबूल?" वकिलांनी जरा चिडून विचारलं. दीर तोवर उठून उभे राहिले होते.

आठवड्यानं कागद तयार झाला. ट्रकाचा वाटा दोघा भावांना निम्मा-निम्मा, ड्रायव्हरचा वाटा नवऱ्याला, परमिट मोठ्या भावाच्या नावानं. वकील म्हणाले, "असली भागीदारी मी आजवर लिहिली नव्हती." साक्षीदार दोन हवे होते. एक त्यांचा कारकून. दुसरा कोण, म्हणून इकडेतिकडे बघितलं, आणि मला लिहिता येतं हे नवऱ्याला आठवलं.

मी सही केली. वर काय लिहिलं होतं ते मला वाचता येत होतं, मी वाचलंही. माझं नाव वाट्यात नाही याची साक्ष मीच दिली, आणि माझं मला आजही समजत नाही ते हे की सही करताना मला अक्षर चांगलं यावं म्हणून काळजी वाटत होती. वकील म्हणाले, "अक्षर छान आहे." मी घरी जाईपर्यंत खूश होते.

पुढची चार-पाच वर्षं मी तशीच ट्रकात बसत राहिले. काही बदललं नाही असं वाटायचं. घाटात उतारावर नवरा गाणं म्हणायचा आणि मी ताल धरायची, हेही लिहिलं पाहिजे. नाहीतर वाटेल की सगळं वाईटच होतं.

मग दिरांनी आपल्या मेव्हण्याला आणलं. एकदा जेवणं झाल्यावर नवरा पान लावत म्हणाला, "उद्यापास्नं तू नको येऊस. दादा म्हनतो, बाई ट्रकात बसते त्यावर लोक हासतात."

"आणि विकायचं कुणी?"

"मेव्हणा विकंल."

"तुमी काय बोललात?"

"म्या काय बोलनार? परमिट दादाचं."

मेव्हणा बाजारात ओरडून विकायचा, चार भाव सांगायचा आणि पाचव्याला द्यायचा. घाटावरची माझी जुनी दुकानं एकेक करून सुटली. मी पुन्हा टोपली घेऊन रेवदंडा-चौलच्या वाड्यांतून फिरू लागले. चौलच्या सुपारीच्या वाड्यांत ब्राह्मणांची घरं जास्त, तिथं कोण घेणार? कुळवाड्यांची दारं शोधत दुपारपर्यंत फिरायची. एका म्हातारीनं विचारलं, "तुमचा ट्रक ना गं? मग चालत का?" मी म्हटलं, "ट्रक कामावर आहे."

शेवटी धंदा बसत चालला तशी भावाभावांत धुसफूस वाढली आणि दिरांनी भागीदारी मोडली. परमिट त्यांच्या नावाचं, म्हणून ट्रक त्यांच्याकडे. नवऱ्याला त्यांनी घरची जुनी होडी आणि दोन फाटकी जाळी दिली. नवरा अलिबागला वकिलाकडे गेला. मला नेलं नाही.

तो दुपारी परत आला तेव्हा मी अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगत होते. तो बाजूला उभा राहिला.

"काय म्हनाले वकील?" मी विचारलं.

"बोलले, तेवा बायकोचं नाव घातलं असतंस तर ट्रक हालला नसता." मग त्यानं जमिनीकडे बघत म्हटलं, "तुज्यामुळं झालं ह्ये. तेवा येक शबुद बोलली आसतीस तर? तोंड उगडायला काय झालतं गो तुला?"

माझ्या हातातला बोंबील तसाच राहिला. इतकी वर्षं मी स्वतःला जे म्हणत आले होते तेच तो म्हणत होता, शब्दही तेच. आणि त्याच्या तोंडून ऐकल्यावर मला ते पहिल्यांदा खोटं वाटलं.

"तुमी व्हतात ना बाजूच्या खुर्चीत?" मी म्हणाले.

"मी?"

"पाटल्या कुनाच्या, तुमाला ठावं व्हतं. ट्रकात कोन बसतं, ठावं व्हतं. माजं तोंड लाजेनं शिवलं व्हतं. तुमचं कुनी शिवलं व्हतं?"

माझा आवाज एवढा मोठा असेल हे मलाही माहीत नव्हतं. शेजारच्या अंगणातल्या दोघी जाळं विणता विणता थांबल्या. एक म्हणाली, "आगो बाय, ही बोलते!" दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं.

नवऱ्यानं काही तरी करायचं म्हणून वलांडीवरचे चार बोंबील काढून टोपलीत टाकले.

"ते अजून वले हायत," मी म्हणाले. "ठेवा."

त्यानं ते पुन्हा टांगले.

होडी त्यानं विकली आणि परत लाँचवर लागला, दुसऱ्याच्या इंजिनावर. आता घरी ट्रकाचा विषय निघत नाही. तो काढत नाही, कारण उत्तर काय येईल ते त्याला ठाऊक आहे.