सलुकीचं खाणं आणि सावंतकाकांची नजर

कुत्र्याच्या खाण्याच्या पोत्यावर चित्र छापायची कल्पना ज्या कुणाला सुचली, त्याने आयुष्यात एकही कुत्रं जवळून पाहिलेलं नसणार. पोतं उलटं केलं की मागे बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं असतं. मांस किती, चरबी किती, मका किती. पण पोतं उलटं करतो कोण? पुढच्या बाजूला जीभ काढून हसणारं कुत्रं असतं. माणूस तेवढं बघतो आणि पोतं गाडीत टाकतो. हा गुन्हा आहे, आणि त्याला शिक्षा नाही!

सौदीतल्या जुबैलच्या बाहेर, जिथे कारखान्यांच्या चिमण्या संपतात आणि फार्म सुरू होतात, तिथे आमचं जनावरांच्या खाद्याचं आणि औषधांचं दुकान आहे. व्हेटर्नरीची डिग्री घेऊन मी इथे आलो आणि सगळे मला 'डॉक्टर' म्हणायला लागले. अशा दुकानात किस्से जमवावे लागत नाहीत. कोंड्याच्या पोत्यांसारखे ते कोपऱ्यात आपोआप साचतात. एक हलवायला जावं तर मागचे दोन अंगावर येतात.

या वर्षीचे सगळे किस्से मात्र एकाच कुत्रीमुळे घडले.

* * *

सावंतकाका आमचे मॅनेजर. मूळचे कुडाळचे. या दुकानात त्यांना इतकी वर्षं झाली आहेत की अरब गिऱ्हाईकं भाव करण्याआधी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करतात.

काकांची विकायची पद्धत सोपी. गिऱ्हाईकाच्या मोबाइलवर कुत्र्याचा फोटो बघायचा आणि तसंच दिसणारं कुत्रं ज्या पोत्यावर असेल ते काढून द्यायचं. मी आल्या आल्या वैतागलो. म्हटलं, "काका, हे खाद्य आहे. लग्नाची स्थळं नाहीत, फोटो जुळवायला."

काका म्हणाले, "तुझी डिग्री आहे, माझं गिऱ्हाईक आहे."

एके दिवशी मी जेवायला गेलो असताना इक्बालभाई दुकानात आले. इक्बालभाई दापोलीकडचे. अबू नासर नावाच्या एका म्हाताऱ्या अरबाच्या फार्मवर ते कुत्री सांभाळतात. कुत्री सलुकी जातीची, म्हणजे वाळवंटात सशामागे धावणारी शिकारी कुत्री. लांब पाय, मुठीत मावेल अशी कंबर, कानांवर रेशमासारखे केस. इक्बालभाईंनी फोटो दाखवला. मग त्यांनी आणि काकांनी मिळून अख्खा रॅक पालथा घातला. पोत्यांवर जाडजूड लॅब्रॅडोर होते, खांदे ताणलेले जर्मन शेफर्ड होते, पण फोटोशी कुणीच जुळेना.

मी जेवून परत आलो तेव्हा इक्बालभाई खुशीत निघून गेले होते. काकांनी त्यांना मांजरांच्या खाण्याची दोन पोती दिली होती. रॅकवरचा सगळ्यात सडपातळ प्राणी तोच होता!

* * *

पोती बदलून द्यायला मी स्वतः फार्मवर गेलो. बरोबर काकाही आले, कारण त्यांना माझ्या अरबीची खात्री नव्हती.

अबू नासरनी आम्हाला मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या दिवाणखान्यात बसवलं, कॉफी दिली आणि त्यांची लाडकी सलुकी रीम दाखवायला बोलावली. रीम म्हणजे हरिणी, आणि खरंच नाव शोभत होतं. ती दारात येऊन उभी राहिली. मऊ सोनेरी रंग, बरगड्या एकेक मोजता याव्यात अशा, कमरेची हाडं वर आलेली. सलुकी अशीच दिसायला हवी. पण सावंतकाकांच्या घशात कॉफी अडकली आणि ते कळवळून मराठीत म्हणाले, "अरे, हिला कुणी काही खायला घालतं की नाही?"

अबू नासरनी मला विचारलं, काय म्हणाला?

मी म्हटलं, "तुमची कुत्री फार सुंदर आहे म्हणतोय."

म्हाताऱ्याचा चेहरा कडक झाला. कुणाच्या मुलाचं, उंटाचं, कुत्र्याचं कौतुक करायचं तर आधी 'माशाअल्ला' म्हणायचं, नाहीतर नजर लागते. हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "त्याला सांग, म्हण."

काकांनी 'माशाअल्ला' म्हटलं. पण उशीर झाला होता.

* * *

त्याच बैठकीत मी खाण्याचा विषय काढला. तोवर रीम आणि तिच्या बरोबरची कुत्री उरलेल्या भातावर, खजुरांवर आणि उंटाच्या दुधावर होती, वर आता हे मांजरांचं खाणं. मी दोन पोती उलटी करून समोर ठेवली आणि समजावलं. यादीत पहिलं नाव मांसाचं हवं, मक्याचं नको. लांब पळणाऱ्या कुत्र्याला चरबीतून ताकद मिळते, म्हणून चरबी नेहमीच्या खाण्यापेक्षा जास्त हवी. लाल-हिरवे दाणे असतील तर तो रंग माणसाच्या डोळ्यांसाठी आहे, कुत्र्यासाठी नाही. मी बराच तापलो असणार, कारण काका मध्येच माझा शर्ट ओढत होते.

अबू नासर शांतपणे ऐकत होते. त्यांच्या शेजारी त्यांचा थोरला मुलगा नासर बसला होता. तो एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. तो हसून मला इंग्रजीत म्हणाला की उगाच कष्ट घेऊ नका, आम्ही भाऊ ही कुत्री विकायला सांगतोय. वडलांचं वय झालं, वाळवंटात कुत्र्यांबरोबर गाडी कोण पळवणार?

म्हाताऱ्याला इंग्रजी येत नाही, पण मुलाचा सूर कळतो. ते म्हणाले, "या थंडीतली सलुकींची शर्यत रीम शेवटपर्यंत पळाली तर कुत्री राहतील. मध्येच थांबली तर सगळी घेऊन जा."

दाराशी उभ्या असलेल्या इक्बालभाईंनी मान खाली घातली. अबू नासर त्यांचे कफील, म्हणजे या देशात त्यांची हमी घेणारे मालक. कुत्री गेली की काम गेलं, काम गेलं की इकामा, म्हणजे मालकाच्या नावावर मिळणारा इथे राहायचा परवाना, तोही गेला. दापोलीला त्यांची मुलगी नर्सिंगला आहे, अजून शिकायची आहे.

मग अबू नासरनी माझ्या पोत्यातला एक दाणा उचलला. माझ्या घरी जो जेवतो त्याचं जेवण मी आधी चाखतो, असं म्हणाले आणि तो तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिले. आम्ही सगळे त्यांच्या जबड्याकडे बघत होतो. गिळून झाल्यावर त्यांनी कॉफीचा घोट घेतला आणि निकाल दिला.

"कोंबडी आहे. मीठ विसरलेत."

पोतं ठेवून घेतलं!

* * *

पहिले काही दिवस सगळं माझ्या मनासारखं झालं. जुनं खाणं हळूहळू कमी, नवं हळूहळू जास्त, असं मी इक्बालभाईंना सांगितलं होतं आणि ते तंतोतंत करत होते. कुत्र्याची लाळ लागलेले कपडे नमाजाला चालत नाहीत, म्हणून कुत्र्यांसाठी त्यांनी कपड्यांचा वेगळा जोड ठेवला होता. सकाळ-संध्याकाळ मला व्हिडिओ पाठवायचे. रीम भांडं चाटूनपुसून साफ करायची.

मग एकदम तिने तोंड फिरवलं. वास घ्यायची आणि निघून जायची. बाकीची कुत्री नाइलाजाने खायची आणि त्यांना ढाळ लागायचे. रीम बारीक व्हायला लागली, आणि आधीच बारीक असलेल्या सलुकीला बारीक होऊन चालत नाही.

अबू नासरना कारण शोधावं लागलंच नाही. ते गाडी घेऊन थेट दुकानात आले. नजर ज्याची लागली, त्याचा उष्टा पेला विसळून ते पाणी शिंपडलं की नजर उतरते, असं इथले बरेच जुने लोक मानतात. त्यांनी कुठलाही आरोप केला नाही. अगदी अदबीने काकांसमोर थर्मास ठेवला आणि एक कप कॉफी प्यायची विनंती केली.

काकांना सगळं कळलं. इतक्या वर्षांचं दुकान, इतक्या वर्षांची ओळख. चेहरा पडला त्यांचा. मला संताप आला, मी म्हणणार होतो की हे काय चाललंय. काकांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं आणि अबू नासरना विचारलं, "चहाचा कप चालेल का? कॉफीने मला ॲसिडिटी होते."

चहाचा चालला. अबू नासर तो उष्टा कप रुमालात गुंडाळून घेऊन गेले. रीम त्या संध्याकाळीही जेवली नाही.

* * *

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी न कळवता फार्मवर धडकलो. ऊन असं की गाडीच्या दाराला हात लावता येत नव्हता. शेडमागे प्लास्टिकची मोठी चटई अंथरलेली, तिच्यावर माझं ते निवडून निवडून दिलेलं खाणं पातळ पसरलेलं, आणि डोक्याला गमछा बांधून इक्बालभाई ते हाताने वरखाली करत होते.

मी विचारलं, हे काय करताय?

"ऊन दाखवतोय, डॉक्टर," ते म्हणाले. "पोतं फोडलं की ऊन दाखवायला नको? किडे नाय का पडत?"

त्यांच्या घरी तांदळाला ऊन दाखवतात, कुळथाला दाखवतात, सुक्या बोंबलांना दाखवतात. पोतं फोडल्यापासून ते रोज दुपारी हे काम मन लावून करत होते. मी एक दाणा उचलून नाकाशी धरला. खवट! जुन्या तेलाच्या कढईसारखा वास. मी ज्या चरबीसाठी मजलिसमध्ये भाषण ठोकलं होतं, तीच चरबी सौदी उन्हात रोज शिजत होती.

मी नको तेवढं ओरडलो. इक्बालभाई चटईवर तसेच बसून राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "आता मला घरी पाठवतील?"

मी म्हटलं, कुणाला सांगायची गरज नाही, नवं पोतं आणतो, खलास. पण ते उठले, हात धुतले, कपडे बदलले आणि स्वतः मजलिसमध्ये जाऊन त्यांच्या मोडक्यातोडक्या अरबीत सगळं सांगून आले. मी दारात उभा होतो. अबू नासरनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी मोबाइल काढून सावंतकाकांना फोन लावला.

"सावंत," ते म्हणाले, "तुझी नजर साफ आहे. तुझा कप परत पाठवतो."

* * *

नवं पोतं कुठे ठेवायचं हा प्रश्न अबू नासरनी सोडवला. फार्मवर चोवीस तास एसी फक्त मजलिसमध्ये. पोतं तिथेच गेलं, गाद्यांच्या रांगेत, वर भरतकामाची चादर टाकून. येणारे पाहुणे त्याला तक्क्या समजून रेलून बसायचे. एकदा कुणीतरी विचारलं म्हणे की या बाजूला कोंबडीचा वास का येतो. अबू नासर म्हणाले, जेवायला थांबलात तर कळेल.

रीमने तिसऱ्या दिवशी भांडं साफ केलं. सावंतकाका तिला बघायला गेले तेव्हा गाडीतून उतरायच्या आधीच मोठमोठ्याने 'माशाअल्ला, माशाअल्ला' म्हणत होते.

* * *

आता शर्यतीचं.

थंडीतली सकाळ होती, वाळूवर धुकं. पुढे एका जीपमागे दोरीला बांधलेलं पेंढा भरलेलं हरीण, त्याच्यामागे सुटलेल्या सलुकी, आणि दोन्ही बाजूंना हॉर्न वाजवत धावणाऱ्या मालकांच्या गाड्या. नासरने आधीच एका गिऱ्हाइकाला बोलावून ठेवलं होतं. कासिम प्रांतातला धिप्पाड शेख, त्याच्याकडे स्वतःच्या बऱ्याच सलुकी. रीम थांबली तर सगळी कुत्री तिथूनच त्याच्या गाडीत चढणार होती.

अबू नासरची गाडी मीच चालवत होतो. इक्बालभाई मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. मी ओरडून सांगत होतो, पाचवी आहे, चौथी आहे, परत पाचवी. मधे एका चढावर तीन कुत्री थांबली. रीम थांबली नाही. ती चौथी आली, पण शेवटच्या खुणेपलीकडेही पळत राहिली, आणि अबू नासर काच खाली करून लहान मुलासारखे हसत होते. आम्ही सगळे गाडीतून उतरलो. नासरनेही टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, झालं, जिंकलो.

पण शेख तिच्यावर भाळला. तो गाडीतून उतरला, म्हणाला ही एकटी मला द्या, सांगाल ते देतो. नासरने वडलांकडे पाहिलं. पाहुण्याला तोंडावर नाही म्हणणं अबू नासरना जमत नाही. शेखने डब्यातून मांसाचा मोठा तुकडा काढला. दमलेलं कुत्रं लगेच खातं का बघू, खाणारी कुत्रीच खरी, असं म्हणत तो रीमपुढे वाकला. रीमची कूस अजून भात्यासारखी हलत होती.

इक्बालभाई मध्ये आले. या देशात आल्यापासून त्यांनी कुठल्या अरबाला 'नाही' म्हटल्याचं मी ऐकलेलं नव्हतं. ते रीम आणि त्या हाताच्या मध्ये उभे राहिले आणि अरबीत नाही म्हणाले, "ला."

शेख चकित होऊन बघत राहिला. इक्बालभाई हलले नाहीत. मोडक्या अरबीत त्यांनी सांगितलं, आधी धाप थांबू दे. मग थोडं पाणी. मग थोडं फिरवणार. मग तिचं खाणं, तेही मी देणार. आत्ता दिलं तर पोट फुगेल, मरेल. पाहुणे असाल, मोठे असाल, पण आत्ता नाही.

नासर खाली बघायला लागला. अबू नासर वाळूवर बसले आणि थर्मासचं झाकण फिरवायला लागले, जणू त्यांचा या कशाशीच संबंध नव्हता.

शेखने मांसाचा तुकडा परत डब्यात ठेवला, झाकण लावलं, हात पुसले आणि इक्बालभाईंकडे बोट दाखवून अबू नासरना विचारलं,

"कुत्री राहू दे. याचा इकामा ट्रान्स्फर होतो का?"